जुंपून पाहिलेलं विमान

आमच्या अंगणात बैल मुक्कामाला असत, राहायला नसत. हा फरक मला कुणी समजावून सांगितला नाही. एकदा एका पांढऱ्या खोंडाला मी राजा म्हणून हाक मारलेली आईने ऐकली आणि हातातलं उलथनं तसंच घेऊन ती बाहेर आली. "नाव ठिवू नगंस त्याला. बाजारच्या दिशी जायचाय त्यो." माझे वडील, म्हणजे आबा, हेडी होते. बैलांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधोमध उभं राहून सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा. सौदा तोंडाने करायचा नाही, हा त्या धंद्याचा धर्म. हातावर रुमाल टाकायचा, समोरच्याने त्याखाली हात घालायचा आणि दोघांनी एकमेकांची बोटं दाबायची. कुठलं बोट म्हणजे किती, अर्धं पेर म्हणजे किती, मूठ म्हणजे किती, हे ठरलेलं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव फक्त रुमालाखालच्या दोन हातांना कळायचा. आबा घरीही असेच होते. जेवताना अजून भात हवा असेल तर बोलायचे नाहीत, ताटाच्या कडेवर दोन बोटं ठेवायचे. आई इंद्रायणीचा वाफाळता भात वाढायची आणि म्हणायची, "तोंड काय फकस्त पान खायाला दिलंय का देवानं?"

मी त्यांच्याबरोबर बाजारात हिंडून मोठी झाले. भाव करणं मला तिथेच आलं आणि तापट डोकंही तिथलंच. विकणारा नेहमी बैलाचं तोंड दाखवतो, म्हणून आबा आधी मागून जायचे. शेण बघायचे, खूर बघायचे, बैल उभा आहे तिथलं गवत बघायचे. मग म्हणायचे, "जुंपून दाव." जुंपल्याशिवाय त्यांनी कुठलाही बैल कुणाच्या दाव्याला बांधू दिला नाही. आज लोक माझ्या सत्काराला येतात आणि भाषणात सांगतात की मी आकाशाकडे बघत वाढले. साफ खोटं आहे. मी बैलांच्या मागच्या पायांकडे बघत वाढले.

आमच्या कुसगावात तेव्हा बंगले उगवायला लागले होते. शनिवार-रविवारी आई एका बंगल्यावर स्वयंपाकाला जायची आणि मी तिच्या हाताखाली. एकदा तिथे पाहुण्या आलेल्या बाईंचा पांढरा शर्ट आईने धुऊन तारेवर टाकला. त्याच्या खांद्यांवर सोनेरी पट्ट्या होत्या. आई शर्टाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने अदबीने विचारलं, "बाई, तुमी लग्नाच्या बँडात हाय का वो?" बाई खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "नाही मावशी, मी विमान चालवते." आई आत गेली आणि बाईंच्या वरणावर तिने तुपाची जादा पळी सोडली. आमच्या घरात मान देण्याची हीच रीत. जाताना बाईंनी एका बिलाच्या पाठीवर मला लिहून दिलं : बारावीला गणित आणि फिजिक्स, मग डोळ्या-कानांची सरकारी वैद्यकीय तपासणी, ती पास झालीस तरच फ्लाइंग स्कूल. "आणि शाळा नीट निवड," असं म्हणाल्या. नीट म्हणजे कशी, हे विचारायच्या आत त्यांची गाडी सुरू झाली.

मी बारावी झाले, तपासणीत पास झाले. हे दोन्ही मी आधी केलं आणि घरात नंतर सांगितलं. माल हातात असल्याशिवाय बाजारात उतरायचं नाही एवढं मला कळत होतं. आबा ताटाकडे बघत सगळं ऐकून घेत होते. आई म्हणाली, "लग्नाचं वय झालंय आन् ही वर जायाचं म्हंती." आबा म्हणाले, "शिकू दे. पन शाळा म्या बघनार." आमचं एक भाताचं खाचर नव्या रस्त्यात गेलं होतं आणि त्याचे पैसे आले होते. ते एकदाच येणार होते आणि एकदाच जाणार होते. चुकीच्या हातात गेले असते तर विमानही नाही, खाचरही नाही. उरलं असतं ते माझ्या चुलत्यांनी आणलेलं तळेगावचं स्थळ. त्या मुलाचा फोटो आईने पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवला होता, म्हणजे भाकरी थापताना तो मला दिसत राहावा.

पहिली शाळा मी पेपरातल्या जाहिरातीत शोधली. पुण्यात काचेचं ऑफिस, आत गारवा, टाय लावलेला गोड मुलगा. त्याने मला मॅडम म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हटलं आणि मी तिथेच विकली गेले. मग त्याने माझ्या डोक्यावर पायलटची टोपी ठेवून फोटो काढला. आबा मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन बसले होते. त्यातल्या सुकटीच्या चटणीचा वास त्या गारव्यात फिरत होता आणि मी शरमेने अर्धी झाले होते. मुलगा म्हणाला, "सर, दोनच सीट उरल्यात. सोमवारपर्यंत पूर्ण फी भरली तर हॉस्टेल फ्री."

आबांनी विचारलं, "जनावर कुटाय?"

"सॉरी?"

"इमान, इमान. कुटं बांधलंय?"

मुलाने हसून टेबलावरचं प्लास्टिकचं विमान पुढे सरकवलं. आबांनी ते उचललं, उलटं करून पोट बघितलं, पंखा बोटाने फिरवला आणि परत ठेवलं. "ह्ये वासरू झालं. मोठं कुटाय?"

मोठी विमानं दूरच्या एका जिल्ह्यात माळावर होती. एवढ्या लांब कुणी बघायला जात नाही असं मुलगा म्हणाला, आणि त्याच क्षणी आबांचं जायचं ठरलं. दोन एसट्या आणि एक टेम्पो बदलून आम्ही तिथे पोचलो. मी वाटभर त्यांच्याशी बोलले नाही. सोमवार जवळ येत होता.

पाच पांढरीशुभ्र विमानं ओळीत उभी होती. शाळेचा एक माणूस आम्हाला पुढून दाखवू लागला, आबा सवयीने मागून गेले. उकिडवे बसून त्यांनी प्रत्येकाच्या पोटाखालची जमीन बघितली आणि मला हाक मारली. "सुमे, श्येण न्हाई."

"आबा, ते विमान आहे!"

"आगं, खानारं जनावर खाली कायतरी टाकतंच. तेलाचा ठिपका दाव मला. आन् चाकाला गवात बघ किती आलंय. उटलंच न्हाई ह्ये." तेवढ्यात एक साळुंकी चोचीत काडी घेऊन आली आणि पंख्यामागच्या फटीतून सरळ इंजिनात शिरली. शाळेचा माणूस घाईघाईने म्हणाला, "त्याचं मेंटेनन्स चालू आहे."

"कोन करतंय?" आबांनी विचारलं. "ही साळुंकी?"

मी भडकले. त्या माणसावर नाही, आबांवर. माळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडले की तुम्हाला विमानातलं काय कळतं. ते शांतपणे म्हणाले, "इमानातलं काय बी न्हाई कळत. इकनाऱ्यातलं कळतं." आणि ते फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीकडे चालू लागले. तिथे भर सकाळी, निरभ्र आकाशाखाली, खांद्यावर पट्ट्या लावलेली पाच-सहा मुलं पत्ते कुटत बसली होती. आबांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि मधोमध बसले. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. एक मुलगा आठ महिने तिथे होता, आणि उडाला होता अकरा तास. आबांनी विचारलं, "मंग जात का न्हाईस दुसरीकडं?" तो पत्त्यांकडे बघत म्हणाला, "पहिल्याच दिवशी सगळी फी भरली ना काका." मग म्हणाला, इथून पुढे एका तालुक्याच्या गावाबाहेर एक खडूस म्हातारा आहे, त्याची शाळा दिसायला भंगार आहे, पण तो उडवतो.

आता माझ्याकडे मुलं येतात. बापाच्या गाडीतून, हातात फोन घेऊन. मॅडम, ही शाळा कशी आहे, तिचं रेटिंग चांगलं आहे. मी त्यांना चहा पाजते आणि जरा ओरडतेही, कारण तो माझा स्वभाव आहे, पण त्यांच्या स्वप्नावर मी कधी हसत नाही. माझ्या स्वप्नावर अख्खं गाव हसलं होतं. मी त्यांना सांगते, बाळांनो, आधी तपासणी पास व्हा, मग फीचा विचार. शाळेला सरकारी मान्यता आहे का, ते शाळेला नको, सरकारलाच विचारा. मग धावपट्टीवर जा आणि विमान मागून बघा. किती उभी आहेत हे विचारू नका, आज सकाळी किती उडाली ते विचारा. सगळी फी एकदम मागणाऱ्याला हसून नमस्कार करा आणि बाहेरच्या टपरीवर जाऊन बसा. असं विचारलं तर अडाणी दिसू म्हणून घाबरू नका. माझा बाप भाकरीचं फडकं घेऊन बसला होता, आणि त्या दिवशी त्या माळावर शहाणा तो एकटाच होता. हे मी आज लिहिते. तेव्हा मी त्याच्याशी आणखी एक दिवस बोलले नाही.

भंगार शाळा खरंच भंगार होती. पत्र्याची शेड आणि दोन विमानं. त्यांतल्या एकाचं इंजिन उघडं आणि खाली तेलाचं थारोळं. ते बघून आबांचा चेहरा उजळला. "श्येण हाय," ते म्हणाले. धावपट्टीवरचं गवत चाकांनी घासून गेलेलं होतं. इंजिनाखालून बनियनमधला एक म्हातारा बाहेर आला, कोपरापर्यंत काळा. हेच कॅप्टन. शाळा त्यांची, विमानं त्यांची, आणि पुढे कळलं की शेडमागच्या कोंबड्याही त्यांच्याच. आबांनी नमस्कार केला, विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पसंत पडल्यावर, बाजारात करायचे तसा, खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून हात पुढे केला.

कॅप्टनना वाटलं, खेड्यातला भला माणूस हात पुसायला रुमाल देतोय. "थँक यू," म्हणून त्यांनी दोन्ही हात खाली घातले आणि एकेक बोट पिळून पिळून पुसू लागले.

आबांचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. सगळी हयात बाजारात गेलेल्या त्या माणसाला एवढ्या वेगाने एवढे भाव कुणी दिले नव्हते. आधी पाच, लगेच दोन, मग मूठ, मग करंगळी, परत मूठ. आबा घामाघूम झाले. त्यांनीही आपली बोटं दाबून उत्तरं द्यायला सुरुवात केली. कॅप्टनना वाटलं, म्हातारा मदत करतोय. शेवटी कॅप्टननी हात ओढून घेतले, आणि आबांनी टाळी वाजवून जाहीर केलं, "झाला सौदा! निम्म्या फीत!"

"कसला सौदा?"

"आताच कबूल केलंत की, साहेब. मूठ म्हंजी निम्मं, ती दिली न्हवं का?"

"मी हात पुसले!"

"हात पुसताना निम्म्यात कोन येतं व्हय?"

दोघेही तापले. कॅप्टन म्हणाले, निम्म्या पैशात माझ्या विमानाचं चाकसुद्धा हलत नाही. आबा म्हणाले, दिलेली मूठ मागं घेणाऱ्याजवळ बाजारात कुत्रंबी उभं ऱ्हात न्हाई. कॅप्टननी फाटकाकडे बोट दाखवलं. आबांनी पिशवी उचलली. त्यांच्या दृष्टीने तो खोटा माणूस ठरला होता आणि खोट्या माणसाकडे पोर ठेवायची नव्हती. पहिली शाळा गेली होती, दुसरी जात होती, आणि तिसरीचा पत्ता माझ्याकडे नव्हता. मला पिठाच्या डब्यावरचा तो फोटो दिसला.

मी दोघांवर ओरडले. आबांना म्हटलं, पिशवी खाली ठेवा. कॅप्टनना म्हटलं, तुम्ही इकडे बघा, सौदा माझा आहे, मी तोंडाने करणार. "सगळे पैसे एकदम मिळणार नाहीत. उडेन तेवढ्या तासांचे देईन."

"उधारीवर विमान उडत नाही," कॅप्टन म्हणाले. "दहा तासांचे आगाऊ."

"पाच. पाच उडाले की पुढच्या पाचांचे."

"आणि दहा तासांत जमलं नाही तर घरी पाठवीन. रडायचं नाही."

"इंजिन बिघडलं तर माझे दिवस फुकट जाणार, त्याचं काय?"

"पाना हातात देईन. फुकट जाणार नाहीत."

"कागदावर लिहा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि शेडमधून कागद आणला. आयुष्यात मी पुष्कळ भाव केले, विमान कंपन्यांच्या वातानुकूलित खोल्यांत बसूनही केले, पण त्या माळावर उन्हात केलेल्या सौद्याइतका चोख एकही नाही. आबा मात्र कानकोंडे झाले होते. लेकीने चारचौघांत मोठ्याने भाव बोलावा हे त्यांना नागडेपणाचं वाटलं असावं. ते एवढंच म्हणाले, "कागद ऱ्हाऊ दे. जुंपून बघितल्याबिगर सही न्हाई."

"उद्या सकाळी," कॅप्टन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यांनी विमानाचा खिळा न् खिळा बोटाने चाचपला. मग डोंगराकडे बघून म्हणाले, "आज नाही." मला तिथे बोटभर ढग दिसत होता. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. आम्ही शेडमध्ये कोंबड्यांबरोबर मुक्काम ठोकला होता. कॅप्टनना जोखायला म्हणून आबा म्हणाले, "साहेब, दुप्पट देतो, पर आज उडवा." कॅप्टन म्हणाले, "ढगाला द्या." आबा घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच हसले. गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही म्हणणारा विकणारा त्यांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. मुलांना मी हे हमखास सांगते, की जो मास्तर तुम्हाला नाही म्हणतो, त्याला सोडू नका.

चौथ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. विमानात जागा दोनच. मी वेणी घट्ट बांधून तयार झाले, देवाचं नाव घेतलं आणि वळून बघते तर माझ्या जागेवर आबा बसलेले. डोक्याला रुमाल बांधून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"आबा, उतरा! शिकायचंय मला!"

"शिक की. आदी जुंपून म्या बघनार."

"ती माझी जागा आहे!"

"नवा बैल आनला की गाडीची पयली फेरी कोन मारायचं? म्याच न्हवं? मंग तुला बसवायचो. तवा रडलीस का कदी?"

 ह्याचं उत्तर मला आता सुचतं, रोज सुचतं, पण ऐकायला ते नाहीत. माझ्या आयुष्यातलं पहिलं उड्डाण माझ्या बापाने केलं. मी धुळीत उभी राहून, मुठी आवळून, त्यांना शिव्या देत ते बघितलं. विमान वर गेलं, दोन गिरक्या घेतल्या, आणि मग एकाएकी इंजिनाचा आवाज बारीक झाला. इतका बारीक की मला शेडमागच्या कोंबड्या ऐकू आल्या. शिव्या माझ्या तोंडातच राहिल्या. विमान घारीसारखं तरंगत, आवाज न करता, मोठा वळसा घेत खाली आलं आणि गवतावर टेकलं.

आबा कसेबसे उतरले आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकून मटकन बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. मी धावत गेले. ते म्हणाले, "वर गेल्यावं म्या त्यास्नी म्हनलं, ह्याचा जीव गेला तर पोरीचं काय करशाल. त्यांनी आवाज बंद केला आन् करून दावलं."

"मग?"

"हितंच."

एवढ्या एका शब्दावर माझं शिक्षण ठरलं. पुढे मी मोठी विमानं चालवली, पण पाहुण्यारावळ्यांत आबा शेवटपर्यंत सांगत राहिले की आमच्या घरात पहिला मी उडालो. मी दर वेळी म्हणायचे, माझी जागा बळकावून उडालात हेही सांगा. ते हेही सांगायचे, आणि लोक त्यांच्यावर आणखी खूश व्हायचे. माझा तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

पण त्या सकाळी भांडायला वेळ नव्हता. कागदावर सह्या झाल्या. मी कॅप्टनना म्हटलं, आता मी. ते हो म्हणाले आणि विमानाचं दार उघडून त्यांनी माझ्या हातात पाण्याची बादली आणि फडकं दिलं. "तुझ्या वडिलांनी आतूनही तपासलंय," ते म्हणाले. मी आत डोकावले. आबांच्या पोटातलं सगळं सीटवर, पट्ट्यांवर आणि समोरच्या तबकड्यांवर होतं. आबा लांब आंब्याच्या झाडाखाली पाठ करून बसले होते, जणू त्यांचा ह्याच्याशी संबंधच नव्हता.

मी पदर खोचला आणि पुसायला लागले. कॅप्टन दाराशी उभे होते.

"काय पुसतेयस?"

"माहीत नाही."

"वेग. त्याच्या बाजूला?"

"माहीत नाही."

"उंची. ते नीट पूस. ते वाचायला चुकलीस तर मरशील."

मी ते दोनदा पुसलं.